चिखलातली मोकळी जागा

चिंचणीच्या खाडीत पाखरं कॅमेऱ्यात टिपायची तर भरतीच्या आधी जाऊन बसावं लागतं. ओहोटीला ती पार लांब, पाण्याच्या कडेला चरत असतात. पाणी चढू लागलं की त्याच्या पुढे सरकत सरकत आपणहून तुमच्या पायाशी येतात. तुम्ही फक्त लपायची जाळी अंगावर ओढून तिच्याखाली गप्प बसायचं.

हे मेघालीला तिच्या आतेभावाने, प्रीतमने शिकवलं होतं. तो बोईसरला कारखान्यात कामाला, आणि सुटी मिळाली की गळ्यात जुना कॅमेरा. ती नॉर्वेत शिकली आणि शिक्षण संपताच परत आली, ती डोक्यात एक वेड घेऊन. उत्तरेकडून हजारो मैल उडत येणारा मूठभर जीव आपल्या दाराशी हिवाळा काढतो आणि इथल्या पोरांना त्याचं नावही ठाऊक नसतं, हे तिला सहन होत नसे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत या पाखरांचं प्रदर्शन लावायचं तिने ठरवलं होतं.

जानेवारीतल्या त्या पहाटे गारठा असा होता की अंगणातला नळसुद्धा हाताला चावत होता.

"कोंबड्या हायत की अंगनात. त्यांचे काढा फोटो," सुलूआत्या थर्मास पुढे करत म्हणाली. "त्या उडत पन नाय."

"कोंबड्या बघायला शाळेतली पोरं नाय येनार, आई," प्रीतम म्हणाला.

"मग तुजं थोबाड लाव. माकडटोपीत शोभतोस बग!"

हसत हसतच दोघं निघाली. सुरूची झाडं मागे पडली आणि धुकं लागलं. तारापूरच्या बाजूचे दिवे कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखे दिसत होते. चिखलाचा खारट, कुजका वास थंडीने जमिनीलगत दबून राहिला होता. प्रीतमची लेन्स लहान, म्हणून तो पाण्याकडे पुढे गेला. मेघाली बांधाजवळ थांबली. हाक ऐकू जाईल एवढंच अंतर दोघांत होतं, पण हाक मारायची नाही, असा त्यांचा करार होता. फोनचा आवाज बंद. जाळीखाली शिरलं की खोकायचंसुद्धा नाही. मागे एकदा ती शिंकली होती, तर प्रीतम दोन दिवस फुगून बसला होता.

उजाडलं. पाणी सरकू लागलं आणि पाखरं आली. तुतवार, चिखल्या, आणखी कितीतरी. सगळा चिखल जिवंत होऊन वळवळू लागला. मेघाली देहभान विसरून शटर दाबत राहिली.

मग लेन्समध्ये एक मोकळी जागा आली.

चांगली खाटेएवढी गोल जागा, तिच्यात एकही पाखरू नाही. डबकं असेल, तिला वाटलं. नीट पाहिलं तर नुसता चिखल. पण कडेची पाखरं चरायची थांबून आतल्या बाजूला मान वळवून बघत होती. आणि ती जागा हलत होती.

माणूस थव्यातून शांतपणे चालत गेला तर सगळी पाखरं उडत नाहीत. त्याच्या वाटेतली तेवढी बाजूला होतात आणि तो पुढे गेला की मागची जागा भरून येते. अगदी तसंच चाललं होतं. समोरची पाखरं तुरुतुरु बाजूला होत होती, मागची मिटून येत होती. मधे कुणी नव्हतं. चिखलात पाऊलही उठत नव्हतं.

ती जागा थांबली. कुणी इकडेतिकडे बघावं इतका वेळ थांबली. मग वळली आणि सरळ प्रीतमच्या जाळीकडे निघाली.

मेघालीने त्याला फोन लावला. लागला, तिच्या कानात वाजत राहिला, पण कुणी उचलला नाही. जाळीच्या फटीतून त्याची लेन्स भलत्याच दिशेला रोखलेली दिसत होती. ओरडावं, तर थवा उडणार. थवा उडाला, की ते कुठे आहे हे कशावरून कळणार? पाखरं होती म्हणूनच तर ते दिसत होतं...

मोकळी जागा जाळीला टेकली.

"प्रीतम! बाहेर ये!"

सगळा थवा एका दमात उठला. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, धुक्यात विरला, आणि खाली उरला उघडा, चकचकीत चिखल. मेघाली धावली. घोटे रुतत होते, श्वास घशात टोचत होता. समोर प्रीतमची जाळी एकदाच आत दबली. शेजारी कुणी येऊन बसावं तशी.

मग जाळी बाजूला करून तो बाहेर आला.

"का ओरडलीस?" त्याने विचारलं. रागाने नाही. अगदी शांतपणे.

"तुझ्याजवळ... कुणी आलं होतं?"

"नाही. चल, घरी जाऊ."

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने त्याची बाही घट्ट धरली. पाणी वाढत होतं. चिखल थोडाच उरला होता, त्यामुळे पाखरं परत तिथेच उतरू लागली. मेघालीच्या भोवती त्यांनी नेहमीसारखी जागा सोडली. प्रीतमच्या बाजूला मात्र ती आत शिरली. अगदी जवळ. एक चिखल्या त्याच्या दोन पायांमधून चरत चरत निघून गेला. एक तुतवार त्याच्या बुटावर चढला, चोच पुसली आणि उतरला.

प्रीतमने खाली पाहिलंसुद्धा नाही.

मेघालीने बाही सोडली. तिने पाण्याकडे पाहिलं. तिकडे, पाखरांच्या दाटीतून, एक मोकळी जागा खोल पाण्याच्या दिशेने चालली होती. अडखळत, झोकांड्या खात. कुणी हाताला धरून ओढत न्यावं तशी.

ती आता ओरडू शकत नव्हती. थवा उडाला तर त्या जागेतला प्रीतम पुन्हा सापडला नसता.

"प्रीतम..." तिने हलक्या आवाजात हाक मारली. शेजारी उभा होता त्याला नाही.

मोकळी जागा थांबली.

"मी इथे आहे ना," कानाशी आवाज आला. "कुणाला हाक मारतेस?"

तिने मान वळवली नाही. "प्रीतम, इकडे ये. माझ्या आवाजावर ये. आत्याने भाकऱ्या केल्यात... ये, दादा, ये."

ती जागा वळली. चिखलातून पाय उपसत यावं तशी सावकाश तिच्याकडे येऊ लागली. पण कडेची पाखरं आता बाजूला होत नव्हती. उलट एकेक पाऊल आत सरकत होती, न घाबरता चोच मारत, जणू आतला माणूस विरत चालला होता. मेघाली हाक मारत राहिली. तिच्या खांद्यावर एक हात अलगद येऊन विसावला, तरी ती हाक मारत राहिली.

मोकळी जागा आता माणसाएवढी उरली नव्हती. लहान पोराएवढी झाली होती, मग ताटाएवढी. तरी ती चालत होती.