करुणाने शोधलेली पुस्तकं

बसा, सांगतो. दिवसाढवळ्या घडलेलं आहे, म्हणून तर जास्त भीती वाटते.

पवनीच्या आमच्या वाचनालयाची पुस्तकसूची दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन झाली. कोणत्या सभासदाने काय शोधलं, त्याची यादी त्याच्या खात्यात साठून राहते. ती बंदही करता येते, पण मी, तिथला ग्रंथपाल, केली नाही. सकाळी सगळ्यांच्या याद्या चाळायच्या आणि माणूस यायच्या आत त्याचं पुस्तक काढून ठेवायचं, ही माझी हौस. लोक कौतुक करायचे, मीही फुगायचो.

करुणा विणकरांच्या घरची, वीस वर्षांची. रोज दुपारी तीनला यायची. तिच्या यादीत आधी रेशमाचे रंग, काठांचे नमुने असायचे. मग नोंदणी विवाहाचा कायदा आला. त्याच दिवशी पानठेल्यावर तिचा भाऊ अंकुश भेटला. मी हसत म्हणालो, बहीण कायदा वाचून राहिली, लग्नाच्या तयारीला लागा. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते खोटं नाही. अंकुश हसला नाही.

त्यानंतर करुणा वाचनालयात आलीच नाही. घरून, मोबाइलवर तिने एकच पुस्तक शोधलं. यादीतलं ते अकरावं: 'पोहायला शिका'. चौथ्या दिवशी ती वैनगंगेत सापडली. पाय घसरला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मी एकटा असताना तिची यादी पुसली, मग खातंही काढून टाकलं. तिला मीच मारलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

महिन्याभराने तिची आई सत्यभामाबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हळूच विचारलं, "आमच्या घरी कोनं सांगतलं, सर?"

मला काय ठाऊक, म्हणालो.

"मले वाचता येत नाही. पन करुणा दुपारी मागापाशी येऊन बसते... पुस्तकाईचे नावं सांगते."

त्यांनी बोटांवर मोजत अकराही नावं म्हटली. क्रम तोच, एकही चुकलं नाही. सुताला लावतात त्या ओल्या खळीचा वास खोलीभर पसरला होता.

"बारावं उद्या सांगन म्हनते. थे पुस्तकाचं नाव नाही... मानसाचं हाये."

दुसऱ्या दिवशी तीनला त्या आल्या. सगळं कबूल करायचं मी ठरवलं होतं. पाय धरायला वाकलो, तर त्या मागे सरकल्या.

"मले काही नोका सांगू, सर. बारावं समजलं मले. तेरावं मले सांगत नाही ती... तुमालेच येऊन सांगन म्हनते."

आता मी तीनच्या आत वाचनालयाला कुलूप लावून घरी येतो. पण सूची वेबवर आहे, ती घरीही उघडते. बंद करून ठेवलेल्या मोबाइलवर बरोबर तीनला शोधायची चौकट येते. वर करुणाचं नाव असतं. चौकटीत तेरावं अजून तरी लिहिलेलं नाही.