गुडघे टेकण्याचा दिवस

बल्गेरियातल्या आमच्या गावात गरम पाण्याचे झरे आहेत. त्यांच्याच काठच्या इस्पितळात मी लोकांचे गुडघे वाकवते. ऑपरेशन डॉक्टर करतात, नाव त्यांचं होतं. माणसाला रडवायचं काम तेवढं माझ्या वाट्याला.

दोब्रिन्का मावशी ईस्टरच्या थोडी आधी आली. उजव्या पायात नवा सांधा, आणि तो लाकडासारखा ताठ. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "पोरी, मला काही पळायचं नाहीये. पेंटेकॉस्टला चर्चमध्ये गुडघे टेकता आले की झालं."

कारण विचारायची गरज नव्हती. तिची लेक एलित्सा हिवाळ्यात घाटात गाडी घसरून वारली होती. आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मेलेली माणसं घरी येतात आणि ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाला, परत जातात. त्या दिवशी आम्ही अक्रोडाच्या पानांवर गुडघे टेकतो आणि मान खाली घालतो. जाणाऱ्याला आपला चेहरा दिसता कामा नये. ओळख पटली की त्याचा पाय निघत नाही. मी यातलं काही मानत नाही, पण गुडघे टेकते.

मावशीला पालथं झोपवून मी तिची टाच मागे दाबायचे. ईस्टरनंतर एकदा ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "तुझ्या मदतनिसणीचे हात किती गार गं!"

"कसली मदतनीस? इथे मी एकटीच मरते."

"मग पोटरीवर कोणाचा हात आहे?"

माझे दोन्ही हात टाचेवर होते. ऑपरेशननंतर नसा असले खेळ करतात, मी म्हटलं. पण पोटरीच्या कातडीत चार बोटांएवढे खळगे पडले होते आणि सावकाश भरून येत होते. सुजेवर खळगे पडतातच, असं मी मनाला समजावलं. गुडघा मात्र माझ्या जोरापेक्षा जास्त वाकला होता.

मग तो रोजच वाकू लागला. मावशी कण्हायची सोडून हसायची. एकदा आपल्याशीच पुटपुटली, "नखं कुरतडायची खोड गेली नाही अजून. बोटं बोथटच लागतात."

मी मोठ्याने आकडे मोजायला लागले.

पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी मी तिची पाठ थोपटली. "टेक आता खुशाल गुडघे!"

तिचा चेहरा उतरला. "टेकले की ती जाईल ना गं?"



चर्चमध्ये चुरगळलेल्या पानांचा कडवट वास होता. पाद्रीबाबांनी सांगताच सगळे गुडघ्यांवर बसले. मीही बसले. शेजारी मावशीचे बूट तसेच उभे होते.

"मावशी, बस!" मी तिचा झगा ओढला.

"दुखतंय."

मी मान वर केली. ती ताठ उभी होती, चेहरा वर, डोळे टक्क उघडे. स्टेशनवर आपलं माणूस दिसल्यावर हसावं तशी हसत होती.

सण उलटल्यावर ती व्यायामाला आली. "आहे," माझ्या कानाशी लागून म्हणाली. "गेली नाही."

ती पालथी झोपली. मी हात लावायच्या आत तिची टाच वर उचलली गेली.

गुडघा वाकला. आणखी वाकला. मी पाय धरून सगळ्या ताकदीनिशी सरळ करायला गेले. तसूभरही हलला नाही.

"सोड, एलित्सा! दुखतंय गं!"

मावशी बाकावरून खाली ओढली गेली. फरशीवर दोन्ही गुडघ्यांवर आली. तेव्हा तिला कळलं, आणि मलाही, की इतके दिवस तो पाय कशासाठी वाकवला जात होता.

"टेकले गं बाई, टेकले!" तिने कपाळ फरशीला लावलं. "जा आता. मी बघत नाही. जा ना!"

पण तो दिवस होऊन गेला होता.

खोलीत दोघी रडत होत्या. त्यातली मी नव्हते.