खालचा थर

प्रयोगशाळेत आल्यापासून अकरा दिवस चिंध्या कुत्रा टेबलाखालून बाहेर आला नव्हता. कान फाटलेले, म्हणून हे नाव. हात दिसला की मुतायचा, जवळ आला की चावायचा. तिथली संशोधक ऋजुता केळुसकर, तिच्या मनगटाला सात टाके पडले होते. तरी ती रोज त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची, उकडलेल्या कलेजीचा तुकडा मागे सरकवायची आणि गप्प राहायची. माया वगैरे काही नव्हती हो! तिला सूड हवा होता.

तिचा भाऊ सुहास भटकी कुत्री सोडवायचा. कुणीतरी ती पळवून त्यांच्यावर चोरून प्रयोग करतंय, हे त्याला कळलं होतं. पुरावा शोधायला तो मिरजेजवळच्या एका बंद बर्फाच्या कारखान्यात गेला आणि तिथेच डोकं फुटून मेलेला सापडला. शेजारी साखळीला हे कुत्रं. साक्षीदार एवढाच.

"गंधस्मृतीचा आलेख आजच काढू या सर," ती संचालक डॉ. वर्तकांना म्हणाली होती. वासानं मेंदूत जाग्या होणाऱ्या आठवणी टिपणारे असे आलेख दोन वर्षांपासून न्यायालयात पुरावा म्हणून चालत होते.

"अगं, उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!" वर्तक म्हणाले. "भ्यालेल्या मेंदूत नुसता गोंगाट असतो. गुंगी दिलीस तर नाकही झोपेल. त्यानं आपणहून डोक्याला स्मृतिपट्टा बांधू द्यायला हवा, पाऊण तास स्वस्थ पडायला हवं. मीही येऊन बसत जाईन. मी तर त्याला आज पहिल्यांदाच बघतोय, मलाही ओळख करून घ्यायला हवी."

"आणि या लाडानं मारेकऱ्याची भीतीच पुसली गेली तर?"

"पुसली जात नाही. वास आला की आठवण उघडते आणि मिटताना तिच्यावर नवं लिहिलं जातं. यंत्र फक्त वरचं वाचतं. म्हणून पोलिसांनी धरलेल्या तिघा संशयितांचे कपडे तोवर त्याला हुंगू देऊ नकोस. आणि तुलनेसाठी आपल्या सगळ्यांचे रुमाल लाव. शिस्त म्हणजे शिस्त!"

चौथ्या महिन्यात चिंध्यानं शेपूट हलवलं. सातव्यात तो वर्तकांच्या मांडीवर डोकं ठेवून कलेजी खाऊ लागला. नवव्या महिन्यात एका सकाळी त्यानं आपणहून पट्ट्यात डोकं घातलं. ऋजुता हमसून हमसून रडली, आणि मग स्वतःवरच चिडली. सुहासच्या मारेकऱ्याला फासावर बघायचं सोडून ही कसली रडारड!

चाचणी झाली. तिन्ही संशयितांचे कपडे हुंगून झाले, आलेखाची रेघ सपाट. ती इतकी संतापली की तिनं हातातला पेला भिंतीवर फोडला. नऊ महिने पाण्यात! पण हट्टानं तिनं यंत्रावर स्वतः रचलेली नवी गणिती पद्धत लावली. वरचा थर बाजूला करून खालचा दाखवणारी, अजून कुणाला न सांगितलेली. संशयितांच्या वासाखाली काही नव्हतं. मग नियमाप्रमाणे रुमाल. तिच्या रुमालाला वर आनंद, खाली इथल्या पहिल्या दिवसांची फिकट भीती. झाडलोट करणाऱ्या पार्वतीबाईंच्या रुमालालाही तसंच.

वर्तकांच्या रुमालालाही दोन थर होते. वर निव्वळ आनंद. पण खाली काळीकुट्ट भीती, आणि आलेखावरच्या काळाच्या खुणेप्रमाणे ती चिंध्या प्रयोगशाळेत येण्याच्या आधीची.

तिनं आधी पोलिसांना फोन केला. मग कलेजीची वाटी घेऊन ती वर्तकांच्या खोलीत गेली. चिंध्या तिच्यापुढे धावला आणि त्यांच्या पायाशी लोळण घेऊ लागला.

तिनं आलेख टेबलावर ठेवला. वर्तकांनी तो वाचला. तज्ज्ञ माणूस, समजवायची गरज पडली नाही. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ऋजुता, हे कुत्रं माझ्यावर जीव टाकतंय. कुठलं न्यायालय..."

"टाकतंय ना! भीती झाकायला तुम्हीच रोज भरवलंत, सर. नुसती भीती कुठल्याही अनोळखी माणसाचीही असते. पण ही तो इथं येण्याआधीची आहे, आणि तुम्ही तर म्हणालात, आज पहिल्यांदा बघतोय. आधीची ओळखच नव्हती, तर नऊ महिने तुम्ही कशावर लिहीत होतात?"

जिन्यावर बूट वाजू लागले. तिनं वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"भरवा, सर. त्याला भूक लागलीय."

वर्तकांनी एक तुकडा पुढे धरला. चिंध्यानं तुकडा अलगद उचलला आणि तो हात प्रेमानं चाटून काढला.