मशीन बंद ठेवलं ते दिवस

ही घडलेली गोष्ट आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू. रंभाजी आजही केडगावात राहतो. जाऊन विचारा. चहा पाजील, पण या विषयावर एक शब्द बोलणार नाही.

भुताच्या गोष्टीत असते तशी अमावास्येची रात्र इथे नाही. हे घडलं गेल्या वर्षी चैत्रात, लख्ख उजेडात.

केडगावच्या पुढे पुणे रोडवरून आत वळलं की आबासाहेबांचं फार्महाऊस लागतं. शनिवार-रविवार पाहुणे येतात. मागे स्विमिंग टँक आहे. त्याची सफाई रंभाजीकडे. आधी नवरा-बायको मिळून करायचे. तो लांब दांड्याचा ब्रश तळाला घासायचा, बनाबाई काठावर पाइप धरून उभी राहायची.

“अवो, त्यो कोपरा ऱ्हायला.”

“तूच उतर मंग.”

“मला बुडवून दुसरी करायची हाय व्हय?”

माघात बनाबाई गेली. ताप आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

एकट्याला झेपायचं नाही म्हणून आबासाहेबांनी मशीन आणलं. मोठ्या कासवाएवढं. पाण्यात सोडलं की तळावर आपलं आपण फिरतं आणि गाळ ओढून पोटातल्या पिशवीत घेतं. बसवायला आलेला माणूस सांगून गेला, “काका, वाऱ्याचे दिवस आहेत तोवर रोज चालवा. एरवी एक दिवसाआड चाललं तरी चालेल. फक्त गाळ बसू द्यायचा नाही.”

रंभाजी रोज सकाळी मशीन सोडायचा आणि काठावर बसून राहायचा. बोलायला कुणी नव्हतं.

मग एका दुपारी वावटळ सुटली. डीपी जळाली. लाईट गेली ती आलीच नाही.

पंप बंद. मशीन बंद. आजूबाजूच्या नांगरलेल्या रानांतली माती उडून टँकमध्ये पडत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा थांबला होता. पाणी आरशासारखं. तळावर मातीचा पातळ थर बसलेला, चाळलेल्या पिठासारखा.

रंभाजी काठावर गेला. खाली बघितलं.

आणि त्या थरावर…

पावलं होती.

अनवाणी माणसाची पावलं. पायऱ्यांपासून निघालेली नव्हती. टँकच्या मधूनच सुरू झाली होती. चार-पाच टाकली होती आणि थांबली होती.

रंभाजीला वाटलं, गावातली पोरं उतरली असतील. तो गुडघ्यांवर बसला. पाण्याला नाक लागेल इतका वाकला.

डाव्या पावलाला…

करंगळी नव्हती.

बनाबाईची डाव्या पायाची करंगळी ऊसतोडीला असताना कोयत्यानं गेली होती.

दुपारी लाईट आली. आबासाहेबांचा फोन आला, “रंभाजी, मशीन सोड, उद्या पाहुणे आहेत.” त्यानं जड हातानं मशीन सोडलं. ते घरघरत गेलं आणि एकेक पाऊल पुसून आलं.

पिशवी उघडली. आत नुसती माती.

त्यानं श्रीरामपूरला लेकीला फोन लावला.

“सायली, तुझी आई टाकीत हाय.”

ती म्हणाली, “दादा, जेवलात का तुमी?”

“करंगळी न्हाई गं पायाला. म्या बघितलं.”

“बेडूक फिरला असंल.”

“औषधाच्या पाण्यात बेडूक? आन माणसाच्या पायाचा?”

सायलीचा आवाज चढला. “आई गेली तवा सखूआत्या म्हनत हुती, दिव्याखाली पीठ पसरू, सकाळी पावलं उमटत्यात, जीव कुठं गेला ते कळतं. तवा तुमीच म्हनलात, आज्यानं धम्माची दीक्षा घेतली तवाच आपुन हे सोडलं. आन आता चिखलात बघताय?”

पीठ पसरलं नाही ते बरोबरच होतं. रंभाजीला आजही तसंच वाटतं.

पण पावलं उमटली होती.

पाहुणे गेल्यावर त्यानं मशीन कोरडं करून कोपऱ्यात ठेवलं. पंपही बंद केला. त्याला एकच हवं होतं. ती एकदा वळावी. एक पाऊल त्याच्या दिशेनं पडावं, बास.

माती बसली. पावलं आली.

रोज थोडी पुढे. रोज पायऱ्यांपासून लांब, खोल बाजूला. तो काठावरून हाका मारायचा. “बने, हिकडं बघ की.” पाणी हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी टाचा त्याच्याकडे आणि बोटं तिकडे. प्रत्येक वेळी तसंच.

एकही पाऊल परतीचं नव्हतं.

पाण्याला हिरवट झाक आली. वास सुटला. शुक्रवारी आबासाहेब न सांगता आले.

“अरे, मशीन काय पूजेला आणलंय का? पाण्याची काय दशा केलीस?” मग ते काठावर आले. खाली बघून एकदम हळू बोलले, “कोण उतरलं होतं रे?”

“कोनी न्हाई.”

“मग हे…”

आबासाहेब दोन पावलं मागे सरकले. त्यांनी परत खाली बघितलं नाही. “उद्या सकाळी मी इथं उभा राहून मशीन चालवणार. आणि यापुढं रोज दोनदा चालवायचं. सकाळ, संध्याकाळ.”

म्हणजे हातात फक्त ती संध्याकाळ होती.

आबासाहेब गेल्यावर रंभाजीनं शर्ट काढला. ऊन अजून होतं. तो पायऱ्यांवरून पाण्यात उतरला आणि तिच्या पावलांच्या बाजूबाजूनं चालू लागला. ती वळत नाही, तर आपणच पुढं जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पाय पडला की माती उठायची. पाणी छातीला लागलं. मग हनुवटीला. समोर काहीच नव्हतं.

त्यानं मागे बघितलं. सगळा टँक गढूळ झाला होता. तिची पावलं कुठे होती तेही दिसेना. स्वतःच्याच पायांनी त्यानं ती मोडली होती.

तो तसाच माघारी आला. तळावरून चालत, पायऱ्यांपर्यंत. काठावर बसून रडला.

सकाळी आबासाहेबांच्या आधी तो टँकवर पोचला. गाळ खाली बसला होता.

बनाबाईची पावलं गेली होती. एकही नव्हतं.

त्याची होती. मोठी, फताडी. पायऱ्यांपासून निघून थेट खोल बाजूला गेलेली.

आणि तिथून…

परत आलेली नव्हती.

त्यानं टँकला पूर्ण फेरी मारली. चारी बाजूंनी बघितलं. जातानाची पावलं स्वच्छ दिसत होती. येतानाचं एकही पाऊल नव्हतं. तो तर चालत बाहेर आला होता. ओली चड्डी अजून दोरीवर होती.

मागे आबासाहेबांच्या गाडीचा आवाज आला. रंभाजीनं काही न बोलता मशीन पाण्यात सोडलं.

आता ते रोज दोनदा चालतं. गाळ बसत नाही, काही उमटत नाही. सायली म्हणते, दादा, काम सोडा, माझ्याकडे या. तो जात नाही. तिच्या दारात टाइल्स आहेत. पाय धुऊन आत गेलं की ओली पावलं उमटतात.

आपली उमटतील की नाही, हे त्याला बघायचं नाही.