रायफलीच्या पोटावरचं कुंकू

"पाच हजार. तेही तुमच्या वयाकडे बघून," रत्नदीपशेठ म्हणाले. त्यांचं ठाण्यात जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि रायफल बघायला ते घरी आले होते. "ही रायफल मूळची नाहीच, आजोबा. अशा लिव्हरवाल्या, म्हणजे खालचा दांडा ओढून गोळी भरायच्या रायफलीला खालून, लिव्हरच्या पुढे, नंबर कोरलेला असतो. इथे नाही. जुनी दिसावी म्हणून लाल रंग थापलाय. तुमच्या वडिलांना कोणीतरी फसवलं, नाहीतर त्यांनीच..."

भिवाजी आजोबांची मान खाली गेली. त्यांचे वडील काळुराम मिठागराचे राखणदार. चोरांना एकट्याने पळवलं म्हणून मालकाने त्यांना ही रायफल बक्षीस दिली होती, असं आजोबा सगळ्या कळव्याला सांगत आले होते. नळी कधीचीच बुजवलेली, पण परवाना अजून जपलेला.

"घेऊन जा," आजोबा पुटपुटले. "खोटी वस्तू घरात कशाला?"

शेठ पैसे काढायला एटीएमकडे गेले. आजोबांची नात दक्षता हिने धाकट्या भावाला, दर्शनला, गॅलरीत ओढलं.

"दर्शन, तो माणूस मला बरोबर वाटत नाही. तू आत पाणी आणायला गेलेलास ना, तेव्हा त्याने रायफल उलटी करून फोटो काढले. तीन!"

"मग काय? तू पण मांजराचे पन्नास काढतेस."

"मांजर खोटं नसतं, येड्या. जी वस्तू खोटी आहे, तिचे फोटो कशाला?"

दर्शनने आत रायफलीकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, तो लाल रंग म्हणाला ना, तो रंगच नाहीये. दसऱ्याला आजी रायफलीची पूजा करते, तेव्हा काय लावते?"

"खोबरेल. आणि वर कुंकू." दक्षताचे डोळे मोठे झाले. "दर वर्षी! आणि आजी पुसत कधीच नाही."

दर्शनने आत येऊन कापूस तेलात भिजवला आणि रायफलीच्या पोटावर ठेवला. शेवंतीआजी दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय रे? घासू नका हं."

"घासत नाही आजी, भिजवतोय."

कापूस लाल झाला, मग तपकिरी. लिव्हरच्या पुढे खाचा दिसू लागल्या. एक सात. एक चार. आजीने काही न विचारता कपाटातून परवान्याची वही आणून दिली. दक्षताने आकडा आकड्याशी लावून पाहिला, सगळे जुळले, आणि रायफल पुन्हा सरळ ठेवली.

शेठ आले. दर्शनने अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारलं, "काका, समजा नंबर असता आणि परवान्याशी जुळला असता, तर?"

"तर काय, लाखांत गेली असती. मूळचा रंग, मूळचं लाकूड." शेठ नोटा मोजत हसले. "पण नाहीये ना बाळा."

दक्षताने रायफल उलटी केली.

शेठची बोटं नोटांवर थांबली. "अरे, हे... कुंकवाखाली दिसलं नाही मला. चला, पन्नास हजार देतो."

"कुंकू? मघाशी तर तुम्ही रंग म्हणालात," दक्षता म्हणाली. "आणि खोट्या रायफलीचे तीन फोटो तुमच्या फोनमध्ये कशाला?"

"पोरांना काय कळतं यातलं?" शेठ आजोबांकडे वळले.

"तुमच्यापेक्षा जास्त कळलं," आजोबा म्हणाले. "पैसे उचला. किंमत दुसऱ्या जाणकाराला विचारू, पण रायफल कुठे जाणार नाही."

शेठ चपला घालून निघाले, तेही मागे न बघता.

आजोबांनी दोघांना जवळ घेतलं. मग म्हणाले, "एका परक्याच्या शब्दावर मी माझ्या बापाला खोटा ठरवला रे. तुम्ही दोघांनी तर त्यांना पाहिलंही नाही, तरी त्यांच्या बाजूने उभे राहिलात."