बंद लाइनवरचा फोन

दिवा असू दे तेवढाच. आणि ऐकताना मध्येच कुणाचा फोन वाजला, तर उचलू नका.

माझ्या हाताखाली प्रज्ञेश नावाचा मुलगा होता, खराडीच्या एका कंपनीत. कामाला वाघ, पण हट्टी. २००८ सालचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. ऑफिसचे सगळे फोन बाहेरच्या लाइनीला जोडणारी पेटी असते, गेटवे म्हणतात तिला. त्यात नवीन फर्मवेअर, म्हणजे पेटी चालवणारा आतला प्रोग्राम, भरायचा होता. तेवढा वेळ फोन बंद राहणार, म्हणून काम रात्रीचं.

घरी कात्रजला वडील, भीमराव. दम्याने बेजार. अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. मोकळी वायर दिसली, की मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी गाठ मारल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

निघताना प्रज्ञेश म्हणाला, "बाबा, तळघरात मोबाइलला रेंज नसते. काही वाटलं तर ऑफिसच्या नंबरवर करा."

"तोच बंद पाडायला निघालास ना? मग काय, गच्चीवरून हाका मारू?"

"दहा मिनिटांचं काम आहे हो."

साडेअकराला त्याने सुरुवात केली. स्क्रीनवरची पट्टी निम्म्यावर आली आणि अडली. समोरच्या स्विचवरचे, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात त्याच्यावरचे, सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले.

लूप. त्या ऑफिसात लोंबती वायर कुणालाच बघवायची नाही. सफाईवाला असो की साहेब, दिसेल त्या रिकाम्या भोकात टोक खोचून मोकळे. एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये बसली, की आतला निरोप गरगर फिरत राहतो आणि सगळं तुंबतं. ते अडवणारी सोय असते. लवकर उरकून घरी पळावं, म्हणून प्रज्ञेशने नुकतीच ती बंद केली होती. आता स्विच त्याचं ऐकेना.

वीज तोडावी, तर अर्धवट भरलेली पेटी कायमची बाद. तो एकेक वायर उपटून बघू लागला. सगळ्या निळ्या, सगळ्या सारख्या. वर जाऊन घरी फोन करावा... एवढी एक बघू, मग. एवढी एक, मग.

आणि टेबलावरचा फोन वाजला.

बंद फोन. लाइनच नव्हती...

त्याने उचलला.

धाप. ओळखीची.

"बाबा?"

...

"बाबा, बोला ना... मी येतो, निघालोच..."

"खालची... डावीकडची."

मग काहीच नाही.

तो वळला. दिवे शांत होते. पट्टी पुढे सरकत होती. त्याने कशालाही हात लावला नव्हता.

तो धावत वर आला. रेंज येताच बायकोचा, कल्याणीचा फोन.

"अहो, कुठे होतात? बाबा गेले... बारालाच गेले. शेवटपर्यंत ऑफिसचा नंबर फिरवत होते. लागतच नव्हता हो."

घड्याळात एक वाजून गेला होता. त्याला रडूही येईना. बाप बोलवत होता, आणि लाइन पोरानेच तोडून ठेवली होती.

आठवड्याने मी त्याच्याबरोबर तळघरात उतरलो. त्या रात्रीनंतर तळघराचं कुलूप कुणी उघडलं नव्हतं, किल्ली त्याच्याच खिशात होती.

खाली, डावीकडे, एक निळी वायर बाहेर निघालेली. दोन्ही टोकं एकत्र घेऊन नीट बांधलेली. दुहेरी गाठ.

मी बोट लावून पाहिलं. दोऱ्यावरचं मेण अजून मऊ होतं.