उबदार काच

त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका वळूच्या कानात काहीतरी कुजबुजत होता.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर अचानक आजारी पडल्यामुळे त्या दिवशी वळूंच्या प्रजनन-तपासणीला मी एकटीच होते. बाहेर कडाक्याची थंडी, त्यात सकाळपासून वीज गायब.

"काय सांगताय त्याला?"

"घाबरू नकोस म्हटलं... डॉक्टर दिसायला तरी प्रेमळ आहेत."

"दिसायला तरी?"

"बाकीचं अजून कळायचंय ना!"

मी हसू दाबलं आणि खोड्यात बांधलेल्या त्याच्या वळूच्या, लाडोबाच्या, तपासणीला लागले. पाय ठणठणीत, डोळे स्वच्छ, वृषणांचा घेर अडतीस सेंटिमीटर. झकास! शेवटी वीर्याचा थेंब काचपट्टीवर घेतला, खिडकीच्या उजेडात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला... काहीच हलत नव्हतं.

"नापास," मी हळूच म्हणाले.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बाबा म्हणालेत, नापास झाला तर उद्याच विकायचा. ह्याची आई गेली तेव्हा हा दोन दिवसांचा होता हो... बाटलीनं दूध पाजून वाढवलाय मी."

मी काचपट्टी उचलली आणि दचकले. केवढी गार! काचा गरम ठेवायची पेटी वीज गेल्यापासून बंद होती, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"थांबा! चूक माझी आहे, त्याची नाही. गार काचेवर शुक्राणू गारठतात. वीर्याची नळी कोमट पाण्यात आहे, दुसरा थेंब घेऊ. ही नवी काच हातात धरा... माझे हात तर बर्फ झालेत."

त्यानं ती ओंजळीत धरली आणि डोळे मिटले. मी मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजलं. खरं तर साठ पुरले असते, पण त्याच्या पापण्या फार लांब होत्या.

दुसरा थेंब. काचेवर नुसती झुंबड उडाली होती!

"पास!" मी लहान मुलीसारखी ओरडलेच. त्यानं लाडोबाच्या गळ्याला मिठी मारली, आणि मला चक्क वळूचा हेवा वाटला.

दाखला घेताना तो घुटमळला.

"पुढची तपासणी?"

"वर्षानं."

"वर्षानं...! वळूशिवाय आलेलं चालतं का?"

"येऊन करणार काय?"

"काचा गरम करून देईन."

तेवढ्यात वीज आली. कोपऱ्यातली पेटी घुंऽऽ करत सुरू झाली. त्यानं पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बिचारा हिरमुसला.

मी हात लांब करून पेटीचं बटण बंद केलं.

"बिघडलीय ती," मी म्हणाले. "उद्या याच."